आधी शेजाऱ्याशी राजी, मग देवाशी : जुन्या आलेवी गावांमधला ‘जेम’

तुर्कस्तानातील सिवास, तोकात, मालात्या किंवा एर्झिंजान या प्रांतांतल्या डोंगरी खेड्यांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी हिवाळ्यातल्या गुरुवारी रात्री गावातल्या सर्वांत मोठ्या घरी सारे गाव जमत असे. बाहेर बर्फाने वाटा बुजलेल्या असत आणि आत बायका व पुरुष एकाच दालनात, एकमेकांची तोंडे दिसतील असे, गोल करून बसलेले असत. मेंढीच्या कातड्यावर बसलेला गुरू प्रार्थनेला हात घालण्याआधी जमलेल्यांना विचारी, ‘‘तुम्ही सगळे एकमेकांशी राजी आहात ना?’’ एकाने जरी ‘नाही’ म्हटले, तरी तो वाद मिटेपर्यंत उपासना पुढे सरकत नसे. या सामूहिक उपासनेला आलेवी लोक ‘जेम’ म्हणतात. आपल्या ‘जमा’, ‘जमाव’, ‘जमात’ या शब्दांचे जे अरबी मूळ, तेच या शब्दाचेही आहे. ‘राजी’ हा शब्दही दोन्ही भाषांनी तिथूनच घेतला आहे, आणि जेम समजून घ्यायचा तर या एका शब्दाला धरून चालणे सर्वांत सोयीचे आहे.

आलेवी हे तुर्कस्तानातले मोठे धार्मिक अल्पसंख्य. जनगणनेत त्यांची वेगळी मोजणी होत नाही, त्यामुळे त्यांचा नेमका आकडा हा कायम वादाचा विषय राहिला आहे. त्यांतले बरेच जण तुर्की बोलतात. देरसिम, म्हणजे आजच्या तुन्जेली प्रांताच्या आसपासचे अनेक जण कुर्दी किंवा झाझाकी बोलतात. अल्लाह, मुहम्मद आणि अली ही नावे ते एका दमात घेतात आणि पैगंबरांचे जावई अली व त्यांचे वंशज अशा बारा इमामांना मानतात. तरीही इराणमधल्या किंवा आपल्याकडच्या शिया पंथीयांसारखे ते आहेत असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांतले बहुतेक जण दिवसातून पाच वेळा नमाज पढत नाहीत, रमजानचे रोजे धरत नाहीत, आणि त्यांच्या जुन्या गावांत सहसा मशीदही नसे. जिथे होती तिथे ती पुष्कळदा सरकारने बांधून दिलेली असे. काबा माणसाच्या हृदयात आहे अशी त्यांची धारणा असल्यामुळे ते मक्केच्या दिशेला तोंड करून रांगेत उभे राहण्याऐवजी समोरासमोर बसून उपासना करतात.

या उपासनेचा कणा म्हणजे ‘देदे’. तुर्की भाषेत देदे म्हणजे आजोबा. इथे मात्र त्याचा अर्थ गुरू. देदे कोणालाही होता येत नाही. त्यासाठी पैगंबरांच्या वंशातले मानल्या जाणाऱ्या एखाद्या पवित्र घराण्यात जन्म घ्यावा लागतो. अशा घराण्याला ‘ओजाक’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ आहे चूल. ‘एका चुलीचे’ म्हटले की आपल्याला जे कळते, त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. बाबा मन्सूर, आगुइचेन, कुरेशान, हुबयार, देर्विश जेमाल ही अशा घराण्यांपैकी काही प्रसिद्ध नावे. सामान्य आलेवी कुटुंब पिढ्यानुपिढ्या एकाच ओजाकाशी बांधलेले असे आणि त्या नात्याने ते ‘तालिप’, म्हणजे शिष्य, ठरत असे. गुरू बदलायची मुभा नव्हती. देदेला स्वतःलाही दुसऱ्या ओजाकातला गुरू असे, त्या गुरूलाही गुरू असे. ‘हातात हात, आणि तो हात सत्याच्या हातात’ अशा शब्दांत ही साखळी सांगितली जाते. तिचा व्यावहारिक अर्थ असा, की जो दुसऱ्याचा न्याय करतो त्यालाही कोणापुढे तरी उभे राहावे लागते.

देदे बहुधा शिष्यांच्या गावात राहत नसे. पिके घरात आली, कामे संपली, की तो घोड्यावर, खेचरावर किंवा पायी निघे आणि थंडीचे महिने शिष्यांच्या गावांतून फिरण्यात घालवी. एकेका ओजाकाचे शिष्य दूरदूरच्या प्रांतांत विखुरलेले असत, त्यामुळे ही फेरी काही दिवसांची असे तशी काही आठवड्यांचीही असे. बिदागी म्हणून त्याला धान्य, पैसे किंवा जनावर मिळे. तिला ‘हक्कुल्लाह’, म्हणजे देवाचा वाटा, म्हणत. काही देदे वर्षानुवर्षे फिरकत नसत, तर काहींवर हावरेपणाचे आरोपही होत. तरीही गावाच्या दृष्टीने देदेचे येणे म्हणजे वर्षभराचे हिशेब उघडण्याची वेळ होती. तो बाहेरचा असल्यामुळे गावातल्या कोणत्याच घराशी त्याचा शेताच्या बांधावरून वाद नसे, आणि माझ्या मते त्याच्या निवाड्याला जे वजन होते त्यातला निम्मा भाग वंशाचा, तर निम्मा या बाहेरून येण्याचा होता.

जेममध्ये बारा सेवा असतात आणि प्रत्येक सेवेला एक माणूस नेमलेला असतो. नावे आणि क्रम प्रांताप्रांतांत बदलतात, पण कामे साधारण तीच राहतात. देदे पहिला, त्याच्या जोडीला नवशिक्यांना हाताशी धरणारा रेहबेर, शिस्त राखणारा निरीक्षक, दिवा लावणारा, साज हे तंतुवाद्य वाजवून गाणारा झाकिर, झाडू मारणारा, पाणी देणारा, कुर्बानीचे मांस शिजवणारा आणि वाढणारा, गावभर निमंत्रण देणारा, आणि दारावर पहारा करणारा. झाडू मारणे हे साफसफाईपुरते नसते. ‘अल्लाह, मुहम्मद, अली’ म्हणत मधल्या मोकळ्या जागेवरून तीनदा झाडू फिरवला जातो. या जागेला ‘मेयदान’ म्हणतात, म्हणजे आपले मैदान. पुढे माणसाला उभे राहायचे असते ते इथेच. जेमच्या अखेरीस दिवा घालवतात तेव्हा आलेवी लोक ‘विझवला’ असे कधीच म्हणत नाहीत. दिवा ‘गुपित केला’ असे म्हणतात. आपणही शुभ दिवा ‘मालवला’ म्हणतो, ‘विझवला’ म्हणायला जीभ कचरते, तशातलाच हा प्रकार.

साऱ्या जेमांत जुन्या गावांनी सर्वांत मोठा मानला तो वर्षातून एकदा होणारा ‘ग्योर्ग्यू’चा जेम. शब्दशः पाहता ग्योर्ग्यू म्हणजे पाहणी. प्रत्येक जोडप्याला पाळीपाळीने मैदानात यावे लागे. पाय अनवाणी, उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्यावर ठेवलेला, मान खाली घातलेली. या उभे राहण्याला ‘दार’ म्हणतात. हे आपले घराचे दार नव्हे. फारसीत दार म्हणजे फासाचा खांब. ‘मीच सत्य आहे’ असे म्हटल्याचा ठपका ठेवून इ. स. ९२२ मध्ये बगदादेत मन्सूर अल्-हल्लाज या सूफीला मृत्युदंड देण्यात आला, त्याची आठवण या मुद्रेत आहे. जो दारावर उभा आहे, त्याने आपला जीव समाजाच्या हाती सोपवला आहे, असा तिचा भाव.

मग देदे जमलेल्यांना विचारी : हे इथे उभे आहेत, यांच्याविषयी कोणाच्या मनात काही असेल तर त्याने बोलावे. मग तक्रारी निघत. कोणाची बकरी दुसऱ्याच्या पिकात शिरलेली असे, कोणी पाण्याची पाळी मोडलेली असे, कोणी उसने परत केलेले नसे, कोणी बायकोवर हात उगारलेला असे, कोणी नुसतेच वाईट बोललेले असे. उभ्या असलेल्याला देदे जी ताकीद देतो तिचे शब्द ठरलेले आहेत : ‘सांडले असेल तर भर, रडवले असेल तर हसव, पाडले असेल तर उभे कर.’ यात पश्चात्तापाचा उच्चार पुरेसा धरलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नुकसान भरून द्यायचे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने ‘मी राजी आहे’ असे साऱ्यांसमोर म्हणायचे. ही संमती म्हणजे ‘रिझालिक’. देवाची क्षमा शेजाऱ्याच्या तोंडून येते, असा याचा सरळ अर्थ होतो. आलेवी नीतीचे सूत्र तीन शब्दांत सांगितले जाते : हात, कंबर आणि जीभ ताब्यात ठेव, म्हणजे चोरी-हिंसा करू नकोस, व्यभिचार करू नकोस, खोटे बोलू नकोस. मैदानात या तिन्हींची झडती होई.

ज्याचा अपराध भरून देण्यासारखा नसे, तो ‘द्युश्क्युन’ ठरे. या तुर्की शब्दाचा अर्थ ‘पडलेला’, म्हणजे अगदी ‘पतित’. खून, व्यभिचार, कारण नसताना बायकोला सोडणे हे यातले मोठे अपराध. अशा माणसाला गाव वाळीत टाकी. त्याला कोणी सलाम करत नसे, त्याच्या घरी कोणी जेवत नसे, त्याची गुरे गावच्या कळपात घेत नसत, आणि जेमचे दार त्याला बंद होई. मुदत अपराधानुसार ठरे; काही वर्षांची, क्वचित आयुष्यभराची. मुदत संपल्यावर कुर्बानी देऊन, पुन्हा दारावर उभे राहून त्याला परत घेतले जाई. एर्झिंजान प्रांतातल्या ओजाक नावाच्याच एका गावातले हिदिर अब्दाल घराणे अशा पतितांची प्रकरणे सोडवण्यासाठी ओळखले जात असे. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द मी इथे मुद्दाम वापरला, कारण त्यातले क्रौर्य मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या गावात हिवाळ्याचे चार महिने बाहेरचा रस्ताच बंद असे, तिथे शेजाऱ्यांनी तोंड फिरवणे म्हणजे काय, याची कल्पना करावी; आणि शिक्षा एकाला झाली तरी ती घरातल्या लेकराबाळांनाही भोगावी लागे, हेही विसरू नये.

मात्र एवढी कडक व्यवस्था का उभी राहिली, याचे उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी इराणात सफवी सत्ता स्थापन करणारा शाह इस्माइल हा अनातोलियातल्या अनेक टोळ्यांचा धर्मगुरू होता. त्याचे अनुयायी बारा इमामांच्या नावाने बारा घड्यांची लाल टोपी घालत, म्हणून त्यांना ‘किझिलबाश’, म्हणजे लाल डोक्यांचे, हे नाव पडले. (या टोपीची एक झुळूक आपल्या दक्खनपर्यंतही पोहोचली होती : विजापूरच्या इस्माइल आदिलशहाने शाहशी संबंध जुळल्यावर आपल्या फौजेला बारा टोकांची तांबडी टोपी घालायला लावल्याची नोंद फारसी इतिहासांत आहे.) १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत उस्मानी (ऑटोमन) सुलतान पहिला सेलिम याने शाहचा पराभव केला आणि सीमेच्या अलीकडे राहिलेले किझिलबाश आपल्याच राज्यात शत्रूचे हस्तक ठरले. त्यांना ठार मारणे धर्मसंमत असल्याचे फतवे निघाले. सिवासजवळच्या बानाझ गावचा कवी पीर सुलतान अब्दाल याला याच शतकात फाशी दिले गेले. आजही जेममध्ये त्याची आणि ‘हतायी’ या नावाने कविता करणाऱ्या खुद्द शाह इस्माइलची पदे गायली जातात.

अशा स्थितीत आलेवींनी उंच, आडबाजूची गावे धरली आणि सरकारी काझीच्या दारात न जाता आपले वाद आपल्यातच मिटवायचे ठरवले. काझीकडे आपली साक्षच ग्राह्य नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग तरी कोणता होता? पहारेकरी दारावर असे तो उगाच नव्हे. आणि बाहेरच्यांना आत काय चालते ते दिसत नसल्यामुळे, बायका-पुरुष एकत्र बसतात आणि शेवटी दिवा मालवला जातो एवढ्या ऐकीव माहितीवर त्यांच्याविषयी एक अत्यंत घाणेरडी अफवा रचली गेली, जी शतकानुशतके त्यांच्या पाठीशी लागली आणि अजूनही पुरती मेलेली नाही.

वाद मिटले, संमती मिळाली, की जेमचा रंग पालटे. झाकिर साज हाती घेई. हे लांब मानेचे तंतुवाद्य आलेवींना इतके पूज्य आहे की त्याला ते ‘तारांचे कुराण’ म्हणतात, आणि वाजवण्याआधी त्याचे चुंबन घेतात. लिखित ग्रंथ त्यांच्याकडे फार थोडे. ‘बुयरुक’ नावाच्या हस्तलिखित पोथ्या देदे घराण्यांत असत, पण शेतकऱ्याला धर्म कळे तो गाण्यातून. विसाव्या शतकातला थोर अंध गायक आशिक वेसेल (१८९४–१९७३) सिवास प्रांतातल्या सिव्रिआलान या अशाच एका खेड्यातून आलेला होता.

साजाच्या चालीवर ‘सेमाह’ होतो. काही बायका आणि पुरुष मैदानात उतरतात आणि एकमेकांना स्पर्श न करता गोल फिरू लागतात. आधी संथ, मग जलद, हातांची हालचाल कुठे क्रौंच पक्ष्याच्या पंखांसारखी. याला नाच म्हटलेले आलेवींना आवडत नाही, कारण ही त्यांची प्रार्थना आहे. तिची कथाही सुंदर आहे. मुहम्मद पैगंबर स्वर्गारोहणाहून परतताना एका घराचे दार ठोठावतात. ‘कोण?’ ‘पैगंबर.’ ‘आमच्यात पैगंबराला जागा नाही.’ पुन्हा ठोठावतात, पुन्हा नकार मिळतो. शेवटी ‘मी गरिबांचा सेवक’ असे सांगितल्यावर दार उघडते. आत चाळीस जण आहेत, बायकाही आहेत, लहानमोठा कोणी नाही. एकाला जखम केली की साऱ्यांच्या अंगातून रक्त येते. पैगंबरांचा सोबती सलमान एक द्राक्ष घेऊन येतो; त्या एका द्राक्षाचा रस चाळिसांना पुरतो आणि सारे उठून फिरू लागतात. जेम म्हणजे या चाळिसांच्या बैठकीची पुनरावृत्ती. म्हणूनच आत आलेल्या माणसाला बाई किंवा पुरुष न म्हणता ‘जान’ म्हणतात. अर्थात, कथेत काहीही असले तरी देदे जवळजवळ नेहमी पुरुषच असे, हेही नोंदवायला हवे. त्याच्या पत्नीला ‘आना’, म्हणजे आई, म्हणून मान मिळे, पण निवाड्याचे आसन तिचे नसे.

शेवटी ‘लोकमा’, म्हणजे प्रसादाचे जेवण. मेंढ्याचे मांस आणि घराघरांतून आलेले पदार्थ सारखे वाटून दिले जात आणि सगळ्यांना वाटा मिळाला का, वाट्यावर सगळे राजी आहेत का, हे विचारल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. काही भागांत मेंढ्याची हाडे न मोडता पुरली जात.

मैदानाबाहेर या साऱ्याला आधार देणारे एक नाते होते, त्याचे नाव ‘मुसाहिप’. पेशवाईतल्या ‘मुसाहिब’ या शब्दाचेच हे भावंड. रक्ताचे नाते नसलेली दोन विवाहित जोडपी देदेसमोर आयुष्यभराची भावंडे होत. एका जोडप्याने अपराध केला तर त्याचा जाब दुसऱ्यालाही द्यावा लागे, एकाचे पीक बुडाले तर दुसऱ्याने कोठार उघडावे अशी अपेक्षा असे, आणि त्यांच्या मुलांची आपसांत लग्ने होऊ शकत नसत. अनेक ठिकाणी मुसाहिप असल्याशिवाय ग्योर्ग्यूच्या जेमला बसताच येत नसे. बाकीचे वर्ष सणांच्या चालीने जाई : मोहरममध्ये बारा दिवसांचा उपास, ज्यात मांस वर्ज्य आणि निव्वळ पाणीही पीत नाहीत, आणि त्याच्या शेवटी ‘आशुरे’ हा धान्याफळांचा गोड पदार्थ, भर थंडीत हिझिरचे, म्हणजे संकटात धावून येणाऱ्या अमर संताचे, तीन उपास, तेव्हा भाजलेले पीठ रात्रभर झाकून ठेवायचे आणि सकाळी त्यावर हिझिरच्या घोड्याचा खूर उमटला आहे का ते पाहायचे.

ही व्यवस्था मोडली ती एका फटक्यात नव्हे. १९२५ च्या कायद्याने दर्गे, मठ बंद झाले आणि ‘देदे’ ही पदवीही बेकायदा ठरली, तरी गावांत जेम गुपचूप चालूच राहिले. गुपचूपपणाची त्यांना सवयच होती. देरसिममध्ये १९३७-३८ च्या लष्करी कारवाईत हजारो माणसे मारली गेली आणि हजारोंना हद्दपार केले गेले. पण बाकीच्या गावांना रिकामे केले ते रस्ते आणि कारखान्यांनी. १९५० नंतर तरुण इस्तंबूल, अंकारा, इझमीरकडे गेले, आणि कामगार पाठवण्याच्या १९६१ च्या करारानंतर जर्मनीकडे. शिकलेल्या डाव्या तरुणांना देदे म्हणजे शोषक वाटू लागला. देदेचा मुलगाही कारखान्यात लागला. हिवाळ्यात वाट पाहणारे गाव उरले नाही आणि फिरणारा गुरूही उरला नाही.

पुढे १९७८ मध्ये मराशमध्ये आलेवींची कत्तल झाली आणि २ जुलै १९९३ रोजी सिवासमध्ये पीर सुलतानच्या नावाने भरलेल्या उत्सवासाठी आलेले लोक उतरलेले हॉटेल जमावाने पेटवले, त्यात ३३ पाहुणे आणि हॉटेलातले २ कर्मचारी मरण पावले. या घटनेनंतर आलेवी उघडपणे संघटित होऊ लागले आणि शहराशहरांतून ‘जेमएवी’, म्हणजे जेमघरे, उभी राहिली. तुर्की कायदा त्यांना मशिदीच्या बरोबरीचे प्रार्थनास्थळ मानत नाही; वीजबिलाच्या सवलतीवरून झालेल्या एका खटल्यात २०१४ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला होता. सेमाह २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि रंगमंचावरही दिसतो.

शहरी जेमघरातही गुरुवारी देदे विचारतो, ‘‘तुम्ही राजी आहात ना?’’ आणि दोनतीनशे लोक एका आवाजात होकार देतात. त्यांतल्या बहुतेकांना शेजारी कोण बसले आहे ते ठाऊक नसते. ज्याने आपले पाणी चोरले नाही, ज्याची बकरी आपल्या शेतात शिरली नाही, त्याच्याशी राजी असण्याला फारसे काही लागत नाही. म्हणून शहरात साप्ताहिक जेम टिकला, पण ग्योर्ग्यू दुर्मीळ झाला.

जुना हिशेब थोडाफार उरला आहे तो मृत्यूच्या वेळी. जर्मनीत हयात घालवलेल्या अनेकांचे शव आजही विमानाने गावी आणले जाते. शवपेटीपाशी देदे जमलेल्यांना मृताशी राजी आहात का असे विचारतो, आणि काही ठिकाणी नंतर ‘दारावरून उतरवण्याचा’ जेम होतो : मृताच्या वतीने घरची माणसे अनवाणी, मान खाली घालून मैदानात उभी राहतात, आणि मृताकडून कोणाचे काही येणे राहिले असेल तर त्याने ते तिथे सांगायचे असते.